सही जुळत नाही

मडगावात, जुन्या बाजारापाशी, टायपिंग क्लासच्या वर
लवंदे सरांचं ऑफिस: दोन खुर्च्या, एक फोन
आणि मी, ट्रान्सफर फॉर्म भरणारा.
मुंबईचा भाव लाइटनिंग कॉलने यायचा.
कॉल नाही लागला तर रात्रीच्या बसने, पेपरात,
म्हणजे परवाचं मासं आज सुपात.
त्याच भावावर लोक हिशेब मांडायचे
आणि सर म्हणायचे, घाई नको, बाजार कुठं पळून जातोय?
तो पळूनच गेलेला असायचा.

फेलिस्यानाबाई सावर्ड्याहून यायची,
पहिल्या कदंबने, छत्री काखेत.
नवरा बोटीवर. त्याने धाडलेल्या पैशांतून
तिनं खाण कंपनीचे शंभर शेअर घेतले होते.
त्याच कंपनीचे ट्रक तिच्या दारावरून जायचे.
एकदा सहीसाठी घरी गेलो तर
खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून
लाल झालेलं टोक तिनं माझ्यापुढे धरलं:
"हो पळय म्हजो डिव्हिडंड.
हा रोज येतो. वॉरंट तेवढं वर्षाने."

वाटा म्हणजे काय, हे तिला मी शिकवावं लागलं नाही.
तिच्या बापाचा कोमुनिदादीत झोण होता.
शेत गावाचं, बांध गावाचा, मानस गावाची,
आणि तुझं त्यात किती, ते वहीत.
वही एस्क्रिव्हांवाकडे.
"म्हणजे तू माझा एस्क्रिव्हांव," ती म्हणाली,
आणि मला उगीचच कॉलर ताठ करावीशी वाटली.

घराचं छप्पर बदलायला तिनं पन्नास विकले.
सर्टिफिकेटं परत आली.
सही जुळत नाही.
पुन्हा पाठवली. पुन्हा तेच.
पोर्तुगीज शाळेत घोटलेला तिचा एफ,
त्याला खाली लांब शेपूट, मांजराच्या शेपटीसारखं,
आणि आता संधिवाताने ते मध्येच तुटायचं.
दुपारभर आम्ही दोघं रद्दी कागदावर
तिचंच नाव तिला शिकवत बसलो.
चौथ्या खेपेला जुळली.
तोवर भाव निम्म्यावर.
अर्ध्या घरावर कौलं चढली, अर्ध्यावर पत्रे.
पावसात ती म्हणायची,
पत्र्याखाली बसलं की ऐकू येतं किती गेले ते.

मग डिमॅट आलं.
गठ्ठेच्या गठ्ठे. नक्षीदार किनार, वॉटरमार्क, तिकिटं,
कुणाकुणाच्या उशाखालचा, पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास.
प्रत्येकावर मी शिक्का मारला: समर्पित.
देवाला वाहिल्यासारखा शब्द,
आणि भोक पाडायचं यंत्र शेजारी.
सर त्या वर्षी फारसे बोलले नाहीत.
आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

माझी भाची उर्विजा पणजीला नोकरीला जाते.
कुठ्ठाळीला घेते, आगशीला विकते,
मध्ये फक्त जुवारीचा पूल.
मी विचारलं, कंपनी काय करते गो?
म्हणाली, मामा, बघावं लागेल.
मी हसलो. पण खरं सांगू,
तिची सही कुणी परत धाडत नाही,
तिचा भाव शिळा नसतो.
फेलिस्यानाबाईला एवढं मिळतं
तर सगळ्या घरावर कौलं आली असती.

उरलेले पन्नास तिनं डिमॅट केले नाहीत.
कागद हातात असलेला बरा, म्हणाली,
आणि त्यानंतरच्या मेमध्ये गेली.
आता मुलगा लिस्बनहून लिहितो,
इतक्या वर्षांचा न उचललेला डिव्हिडंड
कुठल्याशा सरकारी फंडात गेलाय म्हणे,
तुम्ही काही कराल का, अंकल?

जुनं वीजबिल शोधायला म्हणून सावर्ड्याला गेलो.
किल्ली शेजारच्या मिंगेलकडे.
खाण बंद, रस्त्यावर ट्रक नाही.
खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं.
काही लागलं नाही.
तिथंच टेकून फॉर्म काढला
आणि फोलिओ नंबर लिहिला,
न बघता.